लांडगा छाप हेल्मेटला पाच तारे

मंडळी, खरं सांगा. तुमच्या घरात एखादा तरी असा कोपरा आहे ना, जिथं नवी कोरी आणून दोन दिवसांत मोडलेली वस्तू पडलेली असते? टाकवत नाही, वापरता येत नाही, आणि कुणी विचारलं तर आपण म्हणतो, "चांगली हाय की, जरा स्क्रू ढिला झालाय." लाजू नका. सगळ्यांच्या घरी असतो. बीड जिल्ह्यात, नेकनूरच्या पुढं डोंगराला लागून एक गाव आहे, तिथल्या राधाकिशन आबांच्या घरी तर अशी अख्खी खोली होती!

आबा दोनदा सरपंच झालेले, चाळीस एकराचे मालक. त्यांचा एकुलता एक मुलगा विजयसिंह. वय सव्वीस, लग्न झालेलं, आणि तरीही वेड एकच, डर्ट बाईक. डोंगरात, मातीत, खड्ड्यांतून उड्या मारत पळवायची गाडी. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून त्यानं जुनी विकत आणली, तेव्हा त्याची आई गीताबाई एवढंच म्हणाली होती, "खड्ड्यातूनच पळवायची हाय तर येगळी गाडी कावून? आपला नेकनूरचा रस्ता काय वाईट हाय?"

गाडी जुनी, म्हणजे सामान लागणारच. मूळ कंपनीचा पार्ट मागवावा तर महिना-दीड महिना वाट बघा, आणि किंमत ऐकून आबा देवघराकडं तोंड करून बसायचे. मग विजयसिंहाला मोबाईलवर एक दुकान सापडलं. तीन दिवसांत घरपोच, दिसायला अस्सल कंपनीच्या वरचढ, आणि प्रत्येक खोक्यावर दात विचकलेल्या लांडग्याचं चित्र. गीताबाईंनी त्याचं नावच ठेवलं, लांडगा छाप.

झालं! दर तिसऱ्या दिवशी दारात खोकं. कुरिअरवाल्याला पत्ता विचारावा लागेना, तो थेट स्वयंपाकघरात येऊन चहा प्यायला लागला.

आणि काय तो माल! क्लचचा दांडा पहिल्याच दिवशी असा वाकला, की गीताबाईंनी त्यावर टॉवेल वाळत घातला. गुडघ्याला बांधायच्या ढाली चालता चालता घोट्यावर उतरायच्या. शेवटी त्यावर गरम पातेली ठेवायला लागले. हातमोज्यांची तर तऱ्हाच न्यारी. विजयसिंहाची बहीण स्वप्नाली, तिच्या साखरपुड्याला हा गडी गाडीवरून आला आणि हातमोजे काढतो तर दहाच्या दहा बोटं निळीजांभळी. नवऱ्या मुलाचा मामा गालात हसत म्हणाला, "काय पावणं, मतदान करून आलाव? किती येळा केलं?" आबांच्या राजकारणावरच बोट! आबा पुरते खजील झाले.

चेनची कथा तर विचारूच नका. चतुर्थीच्या दिवशी, ऐन लिंबागणेशच्या वाटेवर नवी चेन तटकन तुटली. रस्त्यानं दर्शनाला निघालेली ओळखीची माणसं. आता गाडी ढकलताना दिसलो तर लोक काय म्हणतील? विजयसिंहानं ठोकून दिलं, "नवस हाय. गाडी पायी आणीन म्हणलतो गणपतीला." एक म्हातारी तर गाडीच्या चाकाला हात लावून पाया पडली. गड्यानं तीन कोस गाडी ढकलली, पण खरं बोलला नाही.

तुम्ही म्हणाल, अहो, माल खराब निघाला तर परत पाठवायचा. ती तर सोय असते!

हीच तर गोम होती! आबांच्या घरात वस्तू परत जात नसे. "ह्या उंबऱ्याच्या आत आलेली चीज आजवर माघारी गेली न्हाई," आबा मिशीवर हात फिरवत सांगायचे. "माघारी दिली की लोक म्हणत्यात, ऐपत न्हाई. न्हाईतर म्हणत्यात, राधाकिशनला कुणीतरी फसवलं." एकदा केजच्या बाजारातून आणलेला बैल नांगराच्या पहिल्याच तासाला जो खाली बसला, तो उठेना. विकणारा खाली मान घालून परत न्यायला आला होता. आबांनी त्याला चहा पाजून लावून दिलं आणि तो बैल अकरा वर्षं बसवून पोसला. मेला तेव्हा त्याला गाडीत घालून न्यावं लागलं, तीच काय ती त्याची गाडीशी ओळख.

बापाचाच वाण मुलात उतरला, आणि वर मोबाईल आला. विजयसिंहाचे इंटरनेटवर अकरा हजार चाहते. प्रत्येक नव्या मालाचा व्हिडिओ तो काढायचा. त्याची बायको रोहिणी फोन धरायची, आणि हा छाती फुगवून सांगायचा, "मित्रांनो, एक नंबर माल! आपल्याकडून पाच तारे!" व्हिडिओ संपला की वस्तू मोडायची. कधी कधी संपायच्या आधीच. मग रोहिणीला पुन्हा पहिल्यापासून फोन धरावा लागे.

"अहो, मोडलंय ना ते," ती एकदा म्हणाली. "निदान पाच तारे तरी देऊ नका."

"येडी का काय? पाचच्या खाली दिले तर लोकांला कळंल, विजयसिंहाला गंडवलं."

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. नुकसान झालं तर आबांच्या खिशाचं, आणि आबांचा खिसा खोल. पण खोट्या कौतुकाचं एक वाईट असतं, मंडळी. ते आपल्या घरात राहत नाही.

गावच्या माळावर म्हाळू आणि कडूबाई या धनगर जोडप्याचं बिऱ्हाड होतं. दीडशे मेंढरं. त्यांचा मुलगा सोमनाथ, बावीस वर्षांचा, जुन्या मोटारसायकलला खरबरीत टायर लावून मेंढरांमागं डोंगर चढायचा. जिथं विजयसिंह सावरत सावरत जायचा, तिथून हा खांद्यावर कोकरू घेऊन उतरायचा. पण त्याच्या मनात विजूदादा म्हणजे देव! दादाचा प्रत्येक व्हिडिओ पाठ.

त्यात आबांचा साठावा वाढदिवस आला, आणि गावात फलक झळकले, 'भव्य टेकडी-चढाई मोटारसायकल स्पर्धा'. फलकावर आबांचा फोटो, फेट्यावर हेल्मेट घातलेला. सोमनाथनं पहिलं नाव दिलं. आणि दादानं पाच तारे दिलेलं लांडगा छाप हेल्मेट मागवलं.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी, सकाळच्या पारी कडूबाई आबांच्या दारात आल्या. त्यांची मेंढरं तेव्हा खतासाठी आबांच्याच रानात बसवलेली होती, त्यामुळे येणं-जाणं रोजचंच. पण आज त्यांच्या हातात मोबदल्याच्या धान्याची पिशवी नव्हती. हेल्मेट होतं.

"विजूदादा, ह्ये बघ बरं. तुपल्यासारखंच हाय ना?"

"हाय की मावशी! सेम टू सेम."

"पर ह्याच्यावर लांडगा कावून काढलाय? मेंढक्याच्या घरात लांडगा आणलाय पोरानं."

विजयसिंह हसला. कडूबाई हसल्या नाहीत. त्या ओट्यावर बसल्या आणि बाजारात मेंढा पारखावा तसं ते हेल्मेट पारखायला लागल्या. दोन्ही अंगांनी दाबलं, तसं ते आत गेलं आणि पुन्हा बाहेर आलं. आत बोट घालून अस्तर उचकटलं. खाली लग्नाच्या मंडपात अक्षरं कापायला असतो तसला पातळ थर्माकोल. हनुवटीखालचा पट्टा ओढला. तीन टाके होते, एक निघाला.

"मी शिकलेली न्हाई," कडूबाई म्हणाल्या. "पर मेंढा घेताना विकणाऱ्याच्या तोंडाकडं बघत न्हाई, मेंढ्याच्या तोंडात बघती. ह्याच्या तोंडात मला काय दिसंना. त्या टेकडीवर सगळा दगुडच हाय. पोरगं पडलं तर ह्ये मपल्या सोमाचं डोकं राखील का?"

"मावशी, मी सोता पाच तारे दिलेत त्याला."

"तारे ऱ्हाऊ दे वर. तू मला एवढंच सांग. व्हय का न्हाई?"

मंडळी, विजयसिंहाला ठाऊक होतं! त्याच्या स्वतःच्या हेल्मेटची काच आठ दिवसांत गळाली होती, पट्ट्याचा खटका हातात आला होता, आणि त्यानं तो तारेनं बांधून ठेवला होता. सगळं ठाऊक होतं. पण दारात रोहिणी उभी, आत आबा उभे, आणि अकरा हजार चाहते खिशात! तो मान वळवून म्हणाला, "व्हय."

कडूबाई उठल्या, हेल्मेट घेऊन गेल्या. त्या दिवशी विजयसिंह अर्ध्या भाकरीवरून उठला. रोहिणीनं त्याचा फोन उचलून फळीवर उपडा ठेवला.

स्पर्धेचा दिवस उजाडला. टेकडीखाली मांडव, कर्णा, चारशे माणूस, भजी तळणारे दोघं. मोहनराव गुरुजी ध्वनिक्षेपकावर. टेबलावर स्पर्धकांची हेल्मेटं ओळीनं मांडलेली, प्रत्येकाला हळदीकुंकू, कारण आपल्याकडं पूजा केल्याशिवाय खिळाही ठोकत नाहीत. आबा नारळ घेऊन पुढं आले. समोर नारळ फोडायला धुतलेला दगड.

एवढ्यात गर्दीतून कडूबाई टेबलापाशी आल्या.

"आबा, एक इनंती हाय. नारळ दगडावर कावून फोडता? ह्येच्यावर फोडा." त्यांनी सोमनाथच्या शेजारच्या एका स्पर्धकाच्या, तसल्याच लांडगा छाप हेल्मेटावर हात ठेवला. "डोकं राखणारी वस्तू हाय म्हणत्यात. माणसाचं 'व्हय' ऐकलं मी. आता वस्तूचं ऐकू द्या."

विजयसिंह चटकन टेबलाकडं सरकला. पण आबा? आबा जाम खूश!

"वा रे वा! ह्याला म्हणत्यात डोकं! रोहिणी, काढ बरं फोटू. गुरुजी, बोला काहीतरी."

गुरुजी बोलले, "आता आदरणीय आबासाहेब हेल्मेटावर श्रीफळ वाढवून, त्याची मजबुती संपूर्ण महाराष्ट्राला दाखवून देतील!"

शंभर फोन वर झाले. "आबा, नको..." विजयसिंह पुटपुटला, पण कर्ण्यात कुठलं ऐकू जातंय. आबांनी नारळ डोक्यावर उचलला आणि हाणला.

चर्र!

हेल्मेट कपाळापासून हनुवटीपर्यंत उकललं. नारळ जसाच्या तसा. शेंडीसुद्धा हलली नाही.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "आबा, हेल्मेट ऱ्हाऊ द्या, पोरांच्या डोक्यावर नारळच बांधा!" आणि चारशे माणूस खो खो करत सुटलं.

"नारळ कडक निघाला बे!" आबा लालबुंद होऊन म्हणाले. "दुसरा आणा!"

दुसरा आणला. हेल्मेटही दुसरं, नेमकं विजयसिंहाचं, तारेनं बांधलेलं. आबांनी दातओठ खाऊन घाव घातला. या वेळी नारळ थेट आत गेला आणि कोंबडी खुराड्यात बसावी तसा निवांत बसला. भजीवाला झारा टाकून बघायला आला. शिट्ट्या, टाळ्या, हसून हसून माणसं खाली बसली.

पण आता ऐका, खरा प्रसंग इथंच आहे. आबांना माघार ठाऊक नव्हती. ते गरजले, "माणूस काय नारळावानी आपटत असतो व्हय? हाताचा जोर लागला म्हणून फुटलं. करा सुरू स्पर्धा! सोमनाथ, कुठंय बे? घाल तुपलं आन् हो पुढं!"

आणि सोमनाथनं खरंच घातलं! हळदीकुंकू लावलेलं, दोन टाक्यांच्या पट्ट्याचं. हसरा चेहरा. "चालतंय की आबा," तो म्हणाला. "त्या दोन्हीत खोट असंल. दादानं पाच तारे दिलेत. दादा खोटं बोलत न्हाई." त्यानं गाडीला किक मारली.

कडूबाई ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्या सोमनाथकडंही बघत नव्हत्या. त्या फक्त विजयसिंहाकडं बघत होत्या.

"थांब!"

विजयसिंह धावला. त्यानं सोमनाथच्या गाडीची चावी काढली, गुरुजींच्या हातातला माईक ओढला.

"मी खोटं बोललो!" कर्ण्यातून टेकडीभर आवाज घुमला. "ऐका सगळे. क्लचचा दांडा वाकला, पाच तारे दिले. हातमोज्यांनी हात निळे झाले, पाच तारे दिले. लिंबागणेशला गाडी ढकलीत नेली ना, नवस न्हवता त्यो. चेन तुटलती!"

लोक हसायला लागले. तो हसला नाही.

"ह्या हेल्मेटचा पट्टा मपल्या हातात आलता, तरीबी पाच तारे दिले. अन् परवा कडूमावशीनं तोंडावर इचारलं, तवाबी 'व्हय' म्हणलो. कावून? तर लोक मला येडा म्हणतील म्हणून! आबा, आपल्या उंबऱ्यातून वस्तू परत जात न्हाई. कबूल हाय. पर सोमनाथ आज त्या दगडावर आपटला असता, तर त्यो तरी परत आला असता का?"

हसणं विरून गेलं. आबा काहीतरी बोलायला गेले, पण त्यांच्याआधी गीताबाई बोलल्या, चाळीस वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत.

"अकरा वर्षं मी त्या बसक्या बैलाचं शेण काढलं. का, तर तुमाला 'मला फसवलं' असं म्हणवंना. आवो, फसला त्याची काय लाज? फसवणाऱ्याला लाज पायजे! अन् आपण गप बसून दुसऱ्याला फसू दिलं, तर ती लाज आपली हाय."

आबांनी एकदा बायकोकडं बघितलं, एकदा त्या उकललेल्या हेल्मेटाकडं. मग डोक्यावरचा फेटा काढून टेबलावर ठेवला. "बंद करा स्पर्धा," ते म्हणाले. "आन् ईजू, काय लिहायचंय त्ये लिव."

मग तिथंच मांडवात अभिप्राय लिहायला बसले. सांगणारे चारशे, लिहिणारा एक. कुणी म्हणे 'हलकट' लिहा, गुरुजी म्हणत 'निकृष्ट' लिहा. तारे द्यायची वेळ आली तेव्हा विजयसिंह म्हणाला, "एक तरी द्यावाच लागतोय. त्याबिगर लिहूच देत न्हाई."

"एक बी कावून?" आबा उसळले. "ह्येच्या मालकाला हितं आणा, म्या दावतो तारे!"

नारळ आत बसलेला फोटो वर टाकला. सगळे जुने व्हिडिओ काढून टाकले, आणि जिथं जिथं पाच तारे होते तिथं खरं ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला आला तर दारात सात खोकी उलट्या प्रवासाला तयार. त्याला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच घरी आलो. दुकानानं आधी टोलवाटोलवी केली, तेव्हा आबांनी स्वतः बीडला जाऊन ग्राहक मंचात तक्रार दिली. ज्यांना माघारी देणं माहीत नव्हतं, ते आता बसस्टँडवरच्या लोकांनाही तक्रारीचा अर्ज कसा भरायचा ते सांगत बसतात. विजयसिंहाच्या अकरा हजारांतले दोन हजार चाहते गळाले. पण परळीकडच्या एका मुलाचा निरोप आला, 'दादा, तुमचं वाचून लगेच ऑर्डर रद्द केली. माझी पण पुढच्या आठवड्यात रेस आहे.' विजयसिंहानं तो निरोप रोहिणीला तीनदा वाचून दाखवला.

स्पर्धा महिन्याभरानं झाली. बीडच्या दुकानात जाऊन विजयसिंहानं आयएसआयचा शिक्का, शिवण, आतलं अस्तर, पट्टा, सगळं तपासून हेल्मेटं आणली. कडूबाई सोबत होत्या. दुकानदाराला घाम फुटेस्तोवर त्यांनी एकेक हेल्मेट दाबून बघितलं.

आणि सोमनाथ पडला.

तिसऱ्या वळणावर पुढचं चाक घसरलं, गाडी एकीकडं, पोरगं एकीकडं. डोकं थेट दगडावर. तो आवाज खाली मांडवापर्यंत आला. विजयसिंह आपली गाडी टाकून चढणीनं पळत सुटला, त्याच्यामागं पदर खोचून कडूबाई. पोचले तोवर सोमनाथ उठून बसला होता. हेल्मेट काढून त्यानं मान इकडं तिकडं हलवली आणि विचारलं, "गाडीला लागलं का व दादा?"

विजयसिंहानं ते हेल्मेट हातात घेतलं. कानशिलाच्या वर वीतभर लांब खोल ओरखडा होता. आतून मात्र कुठं तडा नव्हता. त्यानं त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि तिथंच मातीत फतकल मारून बसला. एवढा मोठा गडी, ढसाढसा रडायला लागला. सोमनाथला कळेना, पडलो मी आणि रडतोय दादा! कडूबाईंनी आधी लेकाचं डोकं चाचपलं, मग विजयसिंहाच्या पाठीवरून हात फिरवला. "उठ लेका," त्या म्हणाल्या. "ह्या वेळी तू खरं बोललास."

मंडळी, खोटा माल बनवणारा दूर कुठंतरी बसलेला असतो, त्याला आपलं गाव माहीत नाही, आपली पोरं माहीत नाहीत. आपल्याला माहीत आहेत. म्हणून हात जोडून सांगतो. वस्तू खराब निघाली तर खराब आहे म्हणा, परत पाठवा, तक्रार करा. फसलो असं म्हणायला लाजू नका. आपण इज्जतीपायी गप्प बसतो, तेव्हा आपल्या शब्दावर विश्वास ठेवणारा कुणाचा तरी सोमनाथ गाडीला किक मारत असतो.